जीवशास्त्रज्ञांना दूरच्या ओळखींचा उपयोग

जीवशास्त्रात पीएच.डी. करणारे बरेच जण नोकरीची चौकशी आपल्याच प्रयोगशाळेत करतात. हे पुरेसे नाही. नवी माहिती जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींतून येते, असे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील प्रयोगांचा निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला: नोकरी बदलताना फार घट्ट नसलेल्या ओळखीच जास्त उपयोगी पडतात. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. अशा ओळखी वापरणे म्हणजे वशिलाच, असे कुणी म्हणेल. पण वशिला गुणवत्तेला बगल देतो. इथे मात्र गुणवत्ता तपासता येते: संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा (ORCID) १६ अंकी क्रमांक आणि बायोआर्काइव्ह (bioRxiv) या ऑनलाइन संग्रहावरचा शोधनिबंध तुमचे काम अनोळखी माणसालाही तपासू देतात. म्हणून इंडियाबायोसायन्स या संकेतस्थळावरच्या नोकरीच्या जाहिराती वाचून थांबू नका; ज्यांचे संशोधन नीट वाचले आहे, त्यांना एक नेमका प्रश्न लिहून पाठवा.