कोड, कुष्ठ आणि औषध नसलेल्या ट्यूबची साक्ष

लग्नाच्या बोलणीत पत्रिका जुळते, पगार कळतो, आणि मग कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, ‘घरात कुणाला कोड वगैरे नाही ना?’ त्या ‘वगैरे’त सगळी भीती दडलेली असते. दोष थोडा शब्दाचाही आहे. ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’वरूनच आला. हिंदीत त्याचा भाऊ ‘कोढ’ म्हणजे महारोग, मराठीत ‘कोड’ म्हणजे पांढरे डाग. त्यात भर म्हणून आपण ‘श्वेतकुष्ठ’ही म्हणतो. चरकांनी मात्र कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आणि श्वित्र, म्हणजे आपलं कोड, त्यांत मोजलं नाही. ते वेगळं सांगितलं.

गैरसमज : कोड हा कुष्ठरोगाचाच प्रकार, म्हणून संसर्गजन्य.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. हान्सेन यांनी ते जंतू १८७३ साली नॉर्वेत पाहिले. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर. बहुऔषधी उपचारांनी तोही सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, तिथे टाचणी टोचली तर नीट दुखतं. इथे जंतू नाहीतच. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. त्यामुळे स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकमेकांचे कपडे घातल्याने किंवा शरीरसंबंधाने कोड दुसऱ्याला होत नाही.

गैरसमज : आईला आहे म्हणजे मुलीला होणारच.

आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण ‘होणारच’ हे खोटं. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या एकरूप जुळ्यांपैकी एकाला कोड असेल, तर दुसऱ्याला ते असण्याचं प्रमाण एका मोठ्या पाहणीत २३ टक्के निघालं. सख्ख्या भावंडांत ते ६ टक्क्यांच्या आसपास होतं. पत्रिकेतल्या मंगळापेक्षा हे आकडे बरेच भरवशाचे आहेत.

गैरसमज : मासे खाऊन वर दूध प्यायलं की कोड येतं.

हे आपल्याकडे इतकं रुजलंय की मासे खाल्लेल्या दिवशी खिरीला हात लावायलाही लोक कचरतात. परीक्षणात टिकेल असा पुरावा याला नाही. बंगालात दह्यातला मासा हे घरोघरचं पक्वान्न आहे. आंबट बंद, पांढरं बंद अशी पथ्यं पाळून रुग्ण वाळतो, डाग मात्र जिथल्या तिथे राहतात. गालावर फिकट चट्टे दिसले की मुलांना जंताचं औषध पाजतात, तेही याच माळेतलं. ते चट्टे बहुतेकदा कोरड्या त्वचेचे असतात आणि आपोआप जातात. पाठीवरची शिबं तर बुरशीची.

जेवणाच्या ताटापेक्षा लक्ष द्यायचं ते कपाळाकडे आणि कमरेकडे. काही टिकल्यांच्या डिंकातलं एक रसायन रंगपेशींना मारतं आणि टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो. ज्यांना कोड आहे, त्यांना परकराची नाडी रोज जिथे काचते तिथे नवा डाग येऊ शकतो.

गैरसमज : बावची घरगुती, म्हणून निर्धोक.

बावचीत सोरालेन असतं, आणि ते खरोखर काम करतं. इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी १९४०च्या दशकात एका रानवनस्पतीतली अशीच द्रव्यं कोडाच्या रुग्णांवर वापरली. सोरालेन आणि अतिनील किरण ही जोडी तिथूनच आधुनिक उपचारात आली. पण हेच द्रव्य लावून अंदाजाने उन्हात बसलं तर त्वचा भाजते, फोड येतात. आता १९९७पासून प्रचारात आलेली, ३११ नॅनोमीटरच्या किरणांची प्रकाशचिकित्सा जास्त वापरली जाते. तिला सोरालेन लागत नाही.

गैरसमज : ‘आमच्या शेजारणीचे गेले’ म्हणजे औषध गुणकारी.

इथे जरा थांबू. ‘हमखास इलाज’च्या जाहिराती याच एका वाक्यावर चालतात. २०२२ साली रुक्सोलिटिनिब या मलमाच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. उत्तर अमेरिका आणि युरोपातले बारा वर्षांवरचे ६७४ रुग्ण त्यांत होते. तिघांपैकी दोघांना खरं मलम, एकाला दिसायला तसंच पण औषध नसलेलं. कुणाच्या हातात कोणती ट्यूब आहे ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. चोवीस आठवड्यांनी खरं मलम लावणाऱ्या शंभरातल्या साधारण तिसांच्या चेहऱ्यावरचे डाग किमान ७५ टक्क्यांनी भरले. आणि औषध नसलेलं मलम लावणाऱ्यांत? एका चाचणीत शंभरात सात, दुसरीत अकरा.

ते सात आणि अकरा नीट पाहा. औषध नसतानाही त्यांचे डाग भरले, कारण कोड कधी कधी आपसूक मागे हटतं. आपली शेजारीण त्यांच्यातली असू शकते. तिने तेव्हा जे काही लावलं असेल, मग ती विभूती का असेना, त्याला श्रेय मिळतं. तुलनेचा गट नसेल तर वैद्यालाही स्वतःच्या औषधाचा गुण कळत नाही, आणि हे मी दोन्ही पॅथींबद्दल म्हणतोय. दुसरी बाजूही सांगायला हवी : खरं मलम लावूनही चोवीस आठवड्यांत शंभरातल्या सत्तर जणांनी तो टप्पा गाठला नाही. ज्यांनी वर्षभर लावलं, त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांनी गाठला. अमेरिकेत या मलमाला जुलै २०२२मध्ये मान्यता मिळाली, पण शरीराच्या दहा टक्क्यांपर्यंतच लावायचं या अटीवर, आणि गंभीर दुष्परिणामांचा इशारा माहितीपत्रकात छापून.

तेव्हा महिन्याभरात डाग घालवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि उपचार सुरू केलेत तर निदान सहा महिने चिकाटी धरा. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. रंग परततो तो केसांच्या मुळांपासून, तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने. म्हणून चेहरा लवकर भरतो, आणि जिथे केसच नाहीत ती ओठांची कड आणि बोटांची टोकं सर्वांत उशिरा, कधी कधी भरतही नाहीत.