वरकस उतारावरची नागली आणि उतारवयातील स्मृती

मधुमेही व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो, हे रॉटरडॅम येथील अभ्यासाने १९९९ साली दाखवले. २०१३ साली सिअ‍ॅटलच्या वृद्धांच्या पाहणीतून त्यापुढची गोष्ट समोर आली, ती अशी की मधुमेह जडलेला नसतानाही सरासरी रक्तशर्करा जसजशी चढी तसतसा हा धोका वाढतो. चढ्या साखरेने मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात आणि पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, ज्याला इन्सुलिनरोध म्हणतात, एवढे येथे पुरे. मात्र अल्झायमरला ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ म्हणून मोकळे होणारे अभ्यासक घाई करतात, कारण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत औषधांनी साखर कसून उतरवूनही साडेतीन वर्षांच्या आत स्मृतीत फरक पडलेला दिसला नाही. म्हणून प्रश्न औषधाच्या आधीच्या तीस-चाळीस वर्षांचा, पर्यायाने ताटाचा ठरतो.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी कुटुंबांचे ताट भातखाचर आणि वरकस, म्हणजे खाचरांच्या वरची उथळ मातीची उतारजमीन, अशा दोन्हींवर उभे होते. पालापाचोळा व शेण भाजून केलेल्या राबात वाढवलेली नागलीची रोपे पावसाळ्यात उतारावर लागत, शेजारी वरई असे, आणि भात कापल्यावर खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल येई. पहिल्या पावसात शेवळं, पुढे टाकळा आणि कुरडू ही रानातली भाजी मिळे. नागलीत दर शंभर ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात तीनही नसतात, आणि भाकरीसोबत वालाचे कालवण व पालेभाजी असली की साखर रक्तात सावकाश उतरते. नागलीची बारीक पिठाची गोड बिस्किटे आरोग्याच्या नावाने विकणाऱ्यांना हे सांगणे भाग आहे की गुण एकट्या दाण्याचा नसून त्या सबंध जेवणाचा होता, आणि पीठ जितके बारीक व शिजवणे जितके पातळ तितकी साखर लवकर चढते.

डोंगरातला सडपातळ माणूस मधुमेहापासून सुरक्षित आहे, हा समजही टिकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातून, कमी वजनाच्या भारतीय नवजातांतही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे पुढे आले; गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी काही बौद्धिक चाचण्यांत मागे पडलेलीही आढळली. मेंदूची जपणूक आईच्या ताटापासून सुरू होते, हे यावरून मानावे लागते.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद असूनही शहापूर-मुरबाडच्या शिधावाटप दुकानांतून प्रामुख्याने तांदूळ व गहूच मिळत आले. भूक भागली हे मोलाचे, पण वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या ताटात भाताचा ढीग वाढला, वाल आणि भाजी आटली. आजी-आजोबांचे विसरणे म्हातारचळ म्हणून सोडून दिले जाते आणि साखर तपासण्याचे कोणाला सुचत नाही. दरम्यान वरकस उतारांवर भूखंडांच्या हद्दीचे दगड रोवले जात आहेत, आणि नागलीचे घरचे बी पुढच्या पावसासाठी राखून ठेवणारी घरे दरवर्षी कमी होत आहेत.