तीनशे त्रेचाळीस अंशांच्या पलीकडे

ब्रेक पॅड हातात आला की माझी नजर आधी त्याच्या कडेकडे जाते. तिथे कंपनीचं नाव असतं, एक लांबलचक क्रमांक असतो आणि त्याच्या शेपटाला दोन इंग्रजी अक्षरं: एफएफ, एफई, कधी जीजी. या दोन अक्षरांचा नाद मला बरीच वर्षं लागलेला आहे. एरवी ऑफिसला नेतात तीच गाडी सुट्टीत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या नाहीतर कोइमतूरच्या करी स्पीडवेच्या ट्रॅकवर पळवणारी माणसं जमली की वाद हमखास पॅडवरून पेटतो. त्यात कुणीतरी ही अक्षरं पुरावा म्हणून पुढे करतंच. जीजी आहे ना, मग हाच भारी!

म्हणून या अक्षरांमागचा मूळ कागद वाचला. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं, एसएईचं, जे ८६६ हे ते मानक. पॅडच्या मटेरियलचा एक चौरस इंचाचा तुकडा कापायचा, चेस नावाच्या यंत्रातल्या फिरत्या बिडाच्या ड्रमवर तो दाबायचा आणि घर्षणांक मोजायचा. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिल्या अक्षरासाठी ९३ ते २०४ अंश सेल्सिअसमधल्या चार नोंदींची सरासरी काढतात, दुसऱ्यासाठी दहा नोंदींची. त्या दहांतली सगळ्यात तापलेली नोंद ६५० अंश फॅरनहाइटची, म्हणजे ३४३ सेल्सिअसची. बस, तिथे अक्षरांचं काम संपतं. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांत डिस्क ५०० अंशांच्या वर सहज जाते. ज्या प्रश्नावर आपण भांडतो, तो या चाचणीने विचारलेलाच नाही.

तो प्रश्न ज्याने पहिल्यांदा नीट विचारला, तो माणूस मोटारशौकिनांनाही फारसा माहीत नाही. त्याच्या कंपनीचं नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे.

ब्रेकच्या इतिहासाची सुरुवात चांभाराच्या दुकानात होते, असं म्हणायला हरकत नाही. १८८८मध्ये बर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा झिजलेल्या लाकडी ब्रेकवर तिने वाटेत चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगरात गाडीवान तोवर असलंच काहीतरी आपापल्या परीने करत होते. उतारावर घोडागाडीचा लाकडी ठोकळा चाकावरून सटकायला लागला की ते मध्ये जुना बूट अडकवत. हर्बर्ट फ्रूडने हे पाहिलं. आणखी हजारोंनी पाहिलं असेल. फ्रूडला मात्र बूट नेमका का धरतो आणि किती वेळ धरतो, हे मोजावंसं वाटलं. कूम्ब्ज नावाच्या खेड्यात ओढ्याच्या पाण्यावर चालणारं चाक लावून त्याने ब्रेकचं मटेरियल घासून पाहायची सोय केली. १८९७मध्ये धंदा सुरू झाला. सुती पट्ट्या बिटुमेनमध्ये मुरवून त्याने अस्तरं बनवली. घोडागाड्यांना ती पुरली, मोटारींना पुरेनात, कारण तापल्यावर सूत करपायचं. १९०८च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉसचं विणकाम वापरलं. जवळच्याच चॅपल-एन-ल-फ्रिथ गावात त्याचा कारखाना उभा राहिला. फ्रूड या नावातली अक्षरं उलटीपालटी करून, त्यात बायकोच्या एलिझाबेथ नावातला ई घालून त्याने फेरोडो हे नाव केलं, असं सांगतात.

ॲस्बेस्टॉसने पुढे किती फुप्फुसं खाल्ली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो कुणीतरी मराठीत लिहायलाच हवा. इथे मला फ्रूडची पद्धत महत्त्वाची वाटते. हे मटेरियल चांगलं की वाईट, एवढ्यावर तो थांबला नाही. किती तापल्यावर काय होतं, हे त्याने पाहिलं. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्या ट्रकवाल्याला हाच प्रश्न कुणी वेळेवर विचारायला हवा.

आता ट्रॅककडे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी १६० किलोमीटरवरून ८०वर येताना जी उष्णता तयार होते, ती ८०वरून थांबताना होणाऱ्या उष्णतेच्या तिप्पट असते. बाराशे किलोच्या गाडीत ती सुमारे ८९० किलोज्यूल भरते, आणि ट्रॅकवर हे प्रत्येक फेरीत, तेही पुन्हा पुन्हा. रस्त्यावरच्या पॅडमधलं फिनॉलिक रेझिन या उष्णतेने फुटायला लागतं, त्यातून वायू सुटतो, पकड जाते. पेडल कडक लागतं, पाय जीव खाऊन दाबत असतो आणि गाडी पुढेच जात राहते. पेडल उलट मऊ होऊन खाली बसलं, तर दोष पॅडचा नाही. ब्रेक ऑइल उकळलं आहे. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर किमान १५५. हे दोन बिघाड वेगळे ओळखता येत नाहीत म्हणून लोक हजारो रुपयांचे पॅड विनाकारण बदलतात. माझं सांगणं असं की आधी ऑइल बदला.

मग थेट रेसिंगचेच पॅड का लावू नयेत? कारण थंड असताना त्यातले बरेचसे नीट धरत नाहीत. ते किंचाळतात, डिस्क खातात, आणि त्यांची लोखंडी धूळ अलॉयवर बसून गंजते. सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पोर आडवं आलं, तर तेव्हा पॅड ४० अंशांवर असतो. मधल्या पट्ट्यातले पॅडही आहेत. फेरोडोचाच डीएस २५०० घ्या: कंपनी त्याला २० ते ५०० अंशांत सरासरी ०.४२ घर्षणांक देते. ०.४२ म्हणजे एफ. साध्या रस्त्याच्या कितीतरी पॅडवर हेच अक्षर असतं! फरक अक्षरात नाही, तापमानाच्या पट्ट्याच्या रुंदीत आहे.

वर्षाकाठी एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने असा मधला पॅड आणि ताजं ऑइल घ्यावं. त्याहून जास्त जाणाऱ्याने दोन संच ठेवावेत आणि परतीच्या प्रवासाआधी रस्त्याचे पॅड पुन्हा बसवावेत, या मताचा मी आहे. पॅड बदलले की बेडिंग, म्हणजे पॅड डिस्कवर घासून बसवणं, पुन्हा करावं लागतं, कारण पॅड डिस्कवर स्वतःचा पातळ थर चढवतो आणि पुढे त्या थरावरच धरतो. थर असमान बसला की स्टिअरिंग थरथरतं, मेकॅनिक डिस्क वाकली म्हणतो आणि लेथवर पाठवतो. रेसिंग अभियंता कॅरल स्मिथ यांनी ही वाकलेल्या डिस्कची समजूत सविस्तर खोडून काढली आहे: बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचं मटेरियल कमी-जास्त चिकटलेलं असतं. म्हणून फेऱ्या संपल्यावर एक फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता मारावी, आणि पिटमध्ये आल्यावर पेडलवर पाय रोवून उभं राहू नये. मागेही डिस्क असतील तर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा.

आणि विकत घेताना दुकानदाराकडे तापमान आणि घर्षणाचा आलेख मागावा. तो ज्या पॅडचा मिळत नाही, तो मी घेत नाही.