गिरणगाव

मध्य मुंबईत कापडगिरण्यांभोवती वाढलेली कामगारवस्ती. लालबाग, परळ, शिवडी, वरळी आणि भायखळा व दादर यांचे काही भाग तीत मोडतात. उद्योग, कुटुंब, निवारा व शेती ही समाजाची अंगे परस्परांत किती गुंतलेली असतात, हे या वस्तीच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेल्या गिरणीत १८५६ पासून उत्पादन सुरू झाले. पुढे गिरण्या वाढल्या, तसा रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इ. जिल्ह्यांतून मजूर येऊ लागला. गावच्या शेतीवर कुटुंबाचे वर्षभर भागत नसे आणि गिरणीच्या पगारात मुंबईस बिऱ्हाड करणे परवडत नसे. म्हणून पुरुष गिरणीत व बायकामुले गावी, अशी विभागणी रूढ झाली. मुलांचे संगोपन, आजारपण व म्हातारपण यांचा भार गावाने उचलला; गिरणीच्या हिशेबात तो कधी धरला गेला नाही.

चाळीतील एका खोलीत एकाच गावचे अनेकजण राहत आणि पाळीनुसार आळीपाळीने झोपत. मुकादम नोकरी लावून देई. पुष्कळदा खोली आणि कर्जही त्याच्याच ओळखीने मिळे. त्यामुळे त्याची गैरमर्जी म्हणजे केवळ कामावरचे संकट नव्हते. जेवण खानावळीत होई. बहुतेक खानावळी कामगारांच्याच घरच्या स्त्रिया चालवीत व पैसे पगारानंतर घेत. या स्त्रियांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे, यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. कित्येक कामगार गावी परतले व शेतीच्या आधाराने त्यांनी महिनोन्‌महिने तग धरला. ज्या ग्रामसंबंधामुळे वेतन कमी ठेवता आले, त्यानेच संपाला बळ दिले, हा यातील विरोधाभास होय. संप औपचारिक रीत्या मागे घेतला गेला नाही. तथापि हजारो कामगार कायमचे बाहेर पडले. गावच्या मनीऑर्डरी थांबल्या, खानावळींची उधारी बुडाली आणि बापामागून मुलाने गिरणीत लागण्याचा मार्ग बंद झाला. गिरण्यांच्या ऱ्हासाचे खापर केवळ संपावर फोडणे मात्र एकांगी ठरेल. जुनी यंत्रसामग्री व भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांची स्पर्धा ही कारणे आधीपासूनच होती. शिवाय कापडापेक्षा जमिनीचे मोल वाढले होते.

१९९१ च्या विकास नियमावलीनुसार मोठ्या गिरण्यांच्या जमिनीची महानगरपालिका, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक यांत साधारणतः समान वाटणी व्हावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती मर्यादित केली. परिणामी मैदाने व कामगारांची घरे यांसाठी मिळणारे क्षेत्र बरेच घटले. ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वैध ठरविली.