तरुण मतदार आणि मतदार-यादी

तरुणांनीं निवडणुकीकडे पाठ फिरविली आहे, अशी तक्रार प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं वडील मंडळी करीत असतात. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. परंतु दोष देण्यापूर्वीं तरुणाचा हक्क आणि त्याचें प्रत्यक्ष मत यांच्यामध्यें कोणत्या पायऱ्या आहेत, हें पाहणें न्यायाचें होईल.

स्वातंत्र्यापूर्वीं प्रांतिक निवडणुकांतला मताधिकार मिळकत, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे. घटनेच्या ३२६ व्या कलमानें हीं बंधनें दूर झालीं आणि २१ वर्षें पूर्ण केलेल्या, अन्यथा अपात्र नसलेल्या प्रत्येक नागरिकास मत मिळालें. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या यादींत सुमारें १७ कोटी ३० लक्ष मतदार होते. पुढें १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें वयाची अट १८ वर आणली. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजीं अंमलांत आली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विशीच्या आंतील तरुणांनीं लोकसभेसाठीं प्रथमच मत दिलें. लोकसभेस उभें राहावयास मात्र २५ वर्षें पूर्ण असावीं लागतात. म्हणजे संसदेपुरतें पाहिल्यास, मधल्या सात वर्षांत मत हेंच तरुणाच्या हातचें मुख्य साधन होय.

हक्क घटनेनें दिला. परंतु नांव यादींत आपोआप चढत नाहीं. त्यासाठीं नमुना ६ चा अर्ज करावा लागतो. पूर्वीं यादीसाठीं १ जानेवारी हा एकच दिवस धरीत, त्यामुळें २ जानेवारीस अठरा वर्षांचा झालेला मुलगा जवळजवळ वर्षभर बाहेर राही. २०२१ च्या कायद्यानें जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या तारखा ठरविल्या, व ही सुधारणा २०२२ पासून लागू झाली. सतरा वर्षें पूर्ण झालेल्यांस आगाऊ अर्ज करण्याचीहि सोय झाली.

तरीहि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीं आयोगानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें, सुमारें ९६ कोटी ८८ लक्ष मतदारांत १८ व १९ वर्षांचे मतदार केवळ १ कोटी ८४ लक्ष होते. त्या वयाच्या अंदाजी लोकसंख्येशीं ताडून पाहतां ही संख्या निम्म्याहूनहि कमी भरते. म्हणजे पुष्कळ तरुण मतदानाच्या दिवशीं घरीं बसले नाहींत. ते यादींतच नव्हते.

याचें एक कारण तरुणांच्या जीवनक्रमांतच आहे. नांव जेथें माणूस सामान्यतः राहतो तेथें, आणि एकाच मतदारसंघांत, नोंदावयाचें असतें. परंतु अठराव्या वर्षींच मुलें घर सोडतात. लातूरचा विद्यार्थी पुण्यास येतो, रत्नागिरीची मुलगी मुंबईस जाते. वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास घरच्या किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नांव नोंदविण्याची मुभा आहे. पण पुष्कळांस ती ठाऊक नसते. घरचा पत्ता दिला तर मतदानासाठीं गांवीं जावें लागतें, कारण टपालानें मत देण्याची सवलत सामान्य विद्यार्थ्यास नाहीं. परीक्षा आणि प्रवासखर्च आड आले कीं मत बुडतें.

या गैरहजेरीचा परिणाम एका दिवसापुरता राहत नाहीं. प्रचारास निघालेला कार्यकर्ता मतदार-यादी हातांत घेऊनच दारोदार फिरतो. ज्याचें नांव तींत नाहीं, त्यास शिक्षणाची फी, वसतिगृह वा नोकरी यांविषयीं कोण विचारणार? मग उमेदवार आपलेकडे पाहत नाहीं म्हणून तरुण उदासीन होतो, आणि तरुण उदासीन आहे म्हणून उमेदवार पाहत नाहीं.

हें चक्र तोडण्याचा पहिला उपाय साधा आहे. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठीं यादींत नवें नांव घेतां येत नाहीं. म्हणून प्रचाराची धामधूम सुरू होण्याची वाट पाहूं नये. ओळखपत्र हातीं असलें तरी यादींत नांव नसेल तर मत देतां येत नाहीं, हेंहि श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. घरांत कोणाचा अठरावा वाढदिवस जवळ आला असेल, तर वडील मंडळींनीं उपदेशाआधीं नमुना ६ त्याच्या हातीं द्यावा.