येत नसलेल्या भाषेतला करार

इंग्रजी येत नाही म्हणून माणूस इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप घेतो, आणि त्या अ‍ॅपच्या अटी बहुतेक वेळा इंग्रजीतच असतात. जाहिरात मराठीत असते, ‘सात दिवस फुकट’ हे मराठीत असतं, धडाही मराठीतून समजावलेला असतो. पैसे परत मिळतील का, वर्गणी आपोआप पुढे चालू राहील का, वाद झाला तर तो कुठल्या शहरातल्या कोर्टात चालेल, एवढंच तेवढं इंग्रजीत राहतं. या अ‍ॅप्सचा ग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा दोष हाच आहे. बाकीच्या बऱ्याच तक्रारी त्याच्याच पोटातून निघतात.

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिथला बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैल घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो, दोनदाती की चारदाती की जुळलेला. जनावर चालवून पाहतो, खूर तपासतो, जाणत्या दोघांना विचारतो आणि मगच इसार देतो. अशाच घरातला मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा कल्याणला मुलाखतीला जायचं म्हणून रात्री फोनवर अ‍ॅप उतरवतो, तेव्हा तपासून बघायला त्याच्या हाती काहीच नसतं. या पट्ट्यातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर तर घरची बोलीही पुस्तकी मराठीहून वेगळी. तिथल्या मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी पायरी आहे. त्यांची गरज खरी आहे, आणि म्हणूनच ती पटकन फसवली जाऊ शकतात.

फसगत बहुतेक वेळा पहिल्याच पडद्यावर होते. ‘मोफत सुरू करा’ असं भलंमोठं रंगीत बटण असतं. त्याच्याखाली फिकट, बारीक अक्षरांत एक ओळ असते: चाचणीचे दिवस संपले की तीन महिन्यांचे किंवा वर्षाचे अमुक रुपये. बटण दाबलं की यूपीआय उघडतं आणि एखाद-दोन रुपयांसाठी पिन मागतं. मुलाला वाटतं, रुपयाचाच तर प्रश्न आहे. प्रत्यक्षात त्या पिनने त्याने ‘ऑटोपे’ला, म्हणजे पुढच्या प्रत्येक वेळी खात्यातून पैसे कापून घ्यायला, मंजुरी दिलेली असते. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा कपातीला नंतर पुन्हा पिन लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं. पण तो निरोपही अनेकदा इंग्रजीत येतो आणि रिचार्जच्या जाहिरातींच्या ढिगात जातो.

आणखी एक गोष्ट गावोगाव सांगायला हवी. फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे ऑटोपे बंद होत नाही. ते यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन रद्द करावं लागतं. वर्गणी गुगल प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या सदस्यत्वांच्या यादीतून.

अशा युक्त्यांना आपल्याकडे कायद्याने नाव दिलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नमूद केले. वर्गणी रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड किंवा लपवून ठेवणं हा त्यातला एक. नकार देणाऱ्याला लाजवणं हा दुसरा: ‘नको, मला प्रगती करायची नाही’ अशा शब्दांचं बटण दाबल्याशिवाय पडदा बंदच होत नाही, तो हाच प्रकार. भारतात सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ही तत्त्वं लागू आहेत.

हे दुखणं आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत लहान मुलांना वाचायला शिकवणाऱ्या ‘एबीसीमाऊस’ या सेवेच्या कंपनीला सप्टेंबर २०२० मध्ये एक कोटी डॉलर भरायचं कबूल करावं लागलं. जाहिरातीत ‘सहज रद्द करा’ म्हणायचं आणि रद्द करू पाहणाऱ्याला पानामागून पान फिरवत ठेवायचं, असा तिच्यावर आरोप होता. आपल्या मुंबईत त्याच वर्षी ‘व्हाइटहॅट ज्युनियर’च्या पाच जाहिराती मागे घ्यायला जाहिरात मानक परिषदेने सांगितलं. ती कंपनी मुलांना कोडिंग शिकवायची, पण भाषेच्या अ‍ॅप्सची जाहिरातही त्याच वळणाने जाते: एवढ्या दिवसांत फाडफाड इंग्रजी, मग नोकरी, मग पगार. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तर २३ डिसेंबर २०२१ ला पालकांना उघड सल्लाच दिला की अशा कंपन्यांची वर्गणी आपोआप कापली जाईल अशी सोय टाळा.

पैशाइतकाच माहितीचाही प्रश्न आहे. उच्चार तपासण्यासाठी अ‍ॅप मुलांचा आवाज घेतं, वय आणि ईमेल विचारतं. २०२३ मध्ये ‘ड्युओलिंगो’च्या सुमारे २६ लाख वापरकर्त्यांची नावं आणि ईमेल पत्ते इंटरनेटवर उघड्यावर आले होते. त्याच वर्षीच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक मोलाची तरतूद आहे: माहिती घेण्यासाठीच्या संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी कंपन्यांना त्यासाठी दीड वर्षाची मुदत दिली आहे. माहितीच्या संमतीला जे लागू होणार, ते पैशाच्या अटींना का नको? मराठीत जाहिरात करणाऱ्याने परताव्याच्या आणि वर्गणीच्या अटीही मराठीतच द्याव्यात, अशी सक्ती व्हायला हवी. अन्याय्य करार म्हणून एखाद्या कंपनीच्या अटींना आव्हान द्यायचं तर आज जिल्हा ग्राहक आयोगाला तो अधिकारच नाही; त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं.

सेवेतली कसूर किंवा अनुचित व्यापारी प्रथा एवढाच मुद्दा असेल, तर मात्र वाट बरीच सोपी झाली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागण्याचा हक्क दिला. अ‍ॅपची कंपनी बंगळुरूची असो की परदेशातली, म्हशाच्या माणसाची तक्रार ठाणे जिल्ह्यातच चालू शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि व्हिडिओवरून सुनावणी मागता येते, त्यामुळे एसटी आणि लोकल बदलत ठाण्याला खेपा घालायलाच हव्यात असं नाही.

त्याआधी अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतर ‘ई-जागृती’ संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार. मुदत दोन वर्षांची. पैसे कापल्याचा संदेश, जाहिरातीचा आणि ‘मोफत’ लिहिलेल्या पडद्याचा फोटो, कंपनीला पाठवलेली ईमेल, एवढं जपून ठेवलं तर तीन-चारशे रुपयांच्या तक्रारीलाही पुरावा होतो.