‘उतरली की ठीक होईल’: तुरुंगातले दुहेरी आजार

दारू पिऊन मारामारी केली म्हणून कुणाला पकडून आणलं, की पोलीस ठाण्यापासून घरापर्यंत सगळे एकच म्हणतात, ‘उतरली की ठीक होईल.’ रात्र सरते, दारू उतरते आणि बऱ्याचदा माणूस खरोखरच ओशाळून बसतो. काही जणांचं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडायला लागतं. हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटून ते ओरडत सुटतात. एव्हाना त्यांची रवानगी न्यायालयीन कोठडीत झालेली असते. बरॅकीतल्या लोकांना वाटतं, हा वेडा तरी आहे किंवा नाटक तरी करतोय.

दोन्ही चूक. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांत भास, भ्रम, ताप, वाढलेला रक्तदाब अशी अवस्था ओढवू शकते. डॉक्टर तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो, आणि झाले तर बहुतेकदा वाचतो. लागणारी औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. गर्दच्या व्यसनात येणारी ‘टर्की’ वेगळी असते. अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. तिने सहसा जीव जात नाही, पण त्या दिवसांत खचलेल्या माणसाला एकटं सोडणं धोक्याचंच. म्हणजे ‘किती पितोस, काय घेतोस, शेवटचं कधी घेतलंस?’ हे प्रश्न तुरुंगाच्या दारातच, त्याच दिवशी विचारले गेले पाहिजेत.

याच समजुतीची दुसरी बाजू तितकीच घातक आहे. व्यसन दिसलं की बाकीचं सगळं त्याच्याच खात्यावर टाकायचं. बंगळुरूच्या परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ५,०२४ बंदिजनांचा अभ्यास केला. त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. मानसिक आजार किंवा व्यसन यांपैकी काहीतरी असलेले बंदी होते ४,००२, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. हा आकडा वाचून कुणी म्हणेल, ‘हे सगळे दारू-तंबाखूवालेच असणार.’ म्हणून दुसरा आकडा महत्त्वाचा: व्यसनाचं निदान बाजूला काढल्यावरही १,३८९ जणांना, म्हणजे २७.६ टक्क्यांना, मानसिक आजार होताच. नशा उतरल्यावरही त्यांचा आजार उतरणार नव्हता.

हे दोन आजार एकमेकांना धरून राहतात. कानात आवाज येणारा माणूस ते आवाज दबावेत म्हणून पितो. उदासीने ग्रासलेली बाई झोपेसाठी गोळ्यांच्या आहारी जाते. गांजा किंवा मेथसारख्या पदार्थांमुळे एखाद्याचा सुप्त आजार उफाळून येतो. आधी काय सुरू झालं आणि साधारण महिनाभर नशा बंद राहिल्यावर मागे काय उरतं, यावरून डॉक्टर उलगडा करतात. त्यामुळे पहिल्या दिवशीची तपासणी कधीच पुरेशी नसते. ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, आणि निकाल लागल्यावर किंवा जामीन फेटाळल्यावर तर आवर्जून.

‘पण अटकेनंतर मेडिकल होतंच की!’ होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी करावी लागते. त्या नोंदीत अंगावरच्या जखमा आणि मारहाणीच्या खुणा लिहायच्या असतात. कोठडीतल्या मारहाणीला आळा घालण्यासाठी हे अत्यंत गरजेचं आहे. मात्र मनाची अवस्था आणि व्यसन चाचपण्यासाठी ती तपासणी बेतलेलीच नाही.

‘कुणाचं डोकं फिरलेलं असेल तर दिसेलच,’ हा गैरसमज तर अनुभवी कर्मचाऱ्यांमध्येही आढळतो. शिकागोच्या कुक काउंटी जेलमध्ये लिंडा टेपलिन या संशोधिकेने १९८०च्या दशकात ७२८ पुरुष बंदींच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश जणच जेलच्या यंत्रणेच्या लक्षात आले होते. ज्यांच्या उपचारांची जुनी नोंद होती किंवा ज्यांचं वागणं उघड विचित्र होतं, ते सापडले. कोपऱ्यात गप्प बसलेले नैराश्यग्रस्त निसटले. ते कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. याच पाहणीत गंभीर आजार असलेल्या सुमारे ७२ टक्के लोकांना जोडीला व्यसनही होतं.

तुरुंगात मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाही, मग तपासणार कोण, ही अडचण अनेकदा पुढे केली जाते. इथे छाननी आणि निदान यांची गल्लत होते. अमेरिकेत वापरली जाणारी ‘ब्रीफ जेल मेंटल हेल्थ स्क्रीन’ ही प्रश्नावली अवघी आठ प्रश्नांची आहे. उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’, वेळ दोन-तीन मिनिटं, आणि विचारणारा प्रशिक्षण घेतलेला साधा तुरुंग कर्मचारी. सहा प्रश्न सध्याच्या लक्षणांविषयी, दोन पूर्वीच्या उपचारांविषयी. त्यावरून आजार ठरत नाही. पुढच्या तपासणीला कुणाला पाठवायचं, एवढंच ठरतं. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही प्रश्नावली आहे.

अशा प्रश्नावल्या चुकतातही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या आठ प्रश्नांनी सुमारे ७३ टक्के पुरुषांचं वर्गीकरण बरोबर केलं, स्त्रियांचं फक्त ६२ टक्के. ही तफावत गंभीर आहे, कारण गरज उलट बाजूला आहे: २००९ मधल्या एका अमेरिकी पाहणीत जेलमध्ये दाखल होणाऱ्या १४.५ टक्के पुरुषांना आणि ३१ टक्के स्त्रियांना गंभीर मानसिक आजार आढळला. स्त्रियांसाठी वेगळी प्रश्नावली हवी, आणि विचारणारी स्त्री असेल तर अधिक बरं.

‘शिक्षा टाळायला सोंग करतील’ असं म्हणणारे छाननीला बचावाची पळवाट समजतात. गुन्हा करताना मनोविकलता होती का, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा प्रश्न. तो न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो. दारातल्या आठ उत्तरांनी कुणी सुटत नाही. खरी अडचण सोंगाइतकीच लपवण्याचीही आहे. अमली पदार्थाच्या खटल्यातला कच्चा कैदी ‘मी घेतो’ असं कशाला सांगेल? हा कागद पोलिसांच्या हाती जाणार नाही, वैद्यकीय फाईलमध्येच राहील, अशी खात्री असेल तरच तो खरं बोलेल.

कायदाही आडवा येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था समाविष्ट आहेत. कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या रुग्णालय विभागात मानसिक आरोग्य कक्ष असायला हवा. व्यसन आणि मानसिक आजार यांवर एकत्र उपचार हे परदेशी खूळ आहे, असंही कुणी समजू नये. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने. मध्यवर्ती कारागृहही येरवड्यातच आहे.

सुटका झाली म्हणजे धोका टळला, असंही नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या तीस हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण इतर रहिवाशांच्या १२.७ पट होतं, आणि मोठं कारण होतं अमली पदार्थाचा अतिरेकी डोस. आत असताना शरीराची सवय तुटते, बाहेर येऊन माणूस जुन्याच मात्रेत घेतो. ऱ्होड आयलंडने २०१६ पासून तुरुंगातच छाननी करून मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिनसारखी व्यसनावरची औषधं द्यायला आणि सुटल्यावर ती चालू ठेवायला सुरुवात केली. वर्षभरात अशा मृत्यूंत सुमारे ६१ टक्के घट झाली.

ज्यांचं माणूस आत्ता आत आहे, त्यांनी पहिल्याच मुलाखतीला जुन्या औषधांची चिठ्ठी आणि केसपेपरच्या प्रती न्याव्यात. त्या तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पोहोचवाव्यात आणि पोच मागावी. व्यसन असेल तर तेही लेखी कळवावं. दाद मिळाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६.